बॉबी ऑर म्हातारा झाला असता तर

बॉस्टनमध्ये साठी ओलांडलेल्या कुणाशीही हॉकीचा विषय काढा, पाचव्या मिनिटाला गाडी गुडघ्यावर येते. गुडघा बॉबी ऑरचा, डावा. तो टिकला असता तर! आपल्याकडे अशा जर-तरवाल्यांना आत्याबाईच्या मिशांची आठवण करून देऊन गप्प बसवतात. इथली मंडळी या एका विषयावर गप्प बसत नाहीत, आणि त्यांचं ऐकून ऐकून आता मलाही त्या मिशा दिसायला लागल्या आहेत.

हॉकी म्हणजे अर्थात बर्फावरची. इथे नुसतं हॉकी म्हटलं की तीच. आपली मैदानावरची इथे बहुतेक शाळा-कॉलेजातल्या मुली खेळतात. गोलकीपर धरून एका बाजूला सहा जण, पायांत स्केट्स, चेंडूऐवजी रबराची काळी चकती. त्या सहांतले दोन डिफेन्समन. त्यांचं काम ठरलेलं होतं: आपल्या गोलसमोर पहारा द्यायचा, चाल करून येणाऱ्याला अडवायचं, चकती हाती लागली की पुढच्या गड्याकडे सरकवायची आणि आपली जागा सोडायची नाही. कॅनडातल्या पॅरी साउंड नावाच्या छोट्या गावातून आलेला हा अठरा वर्षांचा पोरगा १९६६ मध्ये बॉस्टनच्या ब्रुइन्स संघाकडून खेळायला लागला आणि त्याने जागाच सोडली. आपल्या गोलमागून चकती घेऊन निघायचा तो थेट समोरच्याच्या गोलपर्यंत, आणि चकती गमावलीच तर सगळ्यांच्या आधी परत आपल्या गोलसमोर हजर.

गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून जे पॉइंट होतात, त्यांत संपूर्ण लीगमध्ये पहिला येणाऱ्याला आर्ट रॉस करंडक देतात. डिफेन्समनने तो मिळवावा हे म्हणजे नवव्या क्रमांकाच्या फलंदाजाने मालिकेत सर्वाधिक धावा काढाव्यात तसं. ऑरने तो दोनदा मिळवला, १९७० आणि १९७५ मध्ये. त्याच्याआधी कुणा डिफेन्समनला जमलं नव्हतं, त्याच्यानंतरही नाही. १९७०-७१ च्या सीझनमधले त्याचे १३९ पॉइंट आजही डिफेन्समनचा विक्रम आहेत. सर्वोत्तम डिफेन्समनचा नॉरिस करंडक त्याने ओळीने आठ वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, खेळ संपला.

टीडी गार्डन स्टेडियमबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. जमिनीला समांतर, हात पसरलेले, तोंड उघडं, हवेत. १० मे १९७०, सेंट लुईसविरुद्धचा अंतिम सामना, जादा वेळ सुरू होऊन ४० सेकंद झाले होते. डेरेक सँडरसनचा पास घेऊन ऑरने चकती गोलकीपर ग्लेन हॉलच्या पायांमधून आत घातली, त्याच क्षणी नोएल पिकार्डने त्याला काठीने उडवलं, आणि हवेतल्या हवेत त्याला कळलं की आपण स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलोय. बॉस्टनला तो २९ वर्षांनी मिळत होता. इथल्या जुन्या न्हाव्यांच्या दुकानांत, पबमध्ये हाच फोटो भिंतीवर असतो. पुतळ्याखाली पोरं फोटो काढतात, उड्या मारून तशी पोज घ्यायला बघतात. मला मात्र तिथून जाताना हटकून एक कुजका विचार येतो, की हा खाली पडला तेव्हा कुठल्या गुडघ्यावर पडला असेल?

गुडघ्यांचा विषय मला जवळचा आहे. मंडळाच्या गणपतीत लेझीम खेळताना खाली बसून वळायच्या पवित्र्यात माझा उजवा गुडघा कट्टकन वाजला. आतली गादी, म्हणजे मेनिस्कस नावाची कूर्चा, फाटली होती. दोन बारीक छिद्रं पाडून, एकातून कॅमेऱ्याची नळी आणि दुसऱ्यातून हत्यार घालून डॉक्टरांनी फाटलेला तेवढा भाग साफ केला. सकाळी गेले, संध्याकाळी घरी पिठलं-भात. मग फिजिओथेरपी. माझा फिजिओ बॉस्टनमधल्याच डॉर्चेस्टरचा, निवृत्तीला टेकलेला. लहानपणी ब्रुइन्सचे सामने ३८ नंबरच्या चॅनेलवर लागायचे आणि ते दिसावेत म्हणून लोक खास वेगळी अँटेना घ्यायचे, हे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितलं. माझ्या गुडघ्यावरच्या दोन टिचभर खुणा बघून म्हणाला, "एवढंच? ऑरचा गुडघा बघितलायस का कधी?"

मी घरी येऊन फोटो शोधले. बघवत नाहीत. साठच्या दशकात गुडघा म्हणजे उभा चिरून उघडायचा आणि कूर्चा फाटली असेल तर बहुतेक वेळा ती सगळीच काढून टाकायची, अशी रीत होती. नळाचा वॉशर काढून नळ तसाच वापरत राहावा तसं. काही वर्षं चालतं, मग हाडावर हाड घासायला लागतं. ऑरचा गुडघा पहिल्याच सीझनमध्ये दुखावला. त्यानंतर डझनभराहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या आणि शेवटी घासायला दोन हाडांपलीकडे काही उरलं नाही.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट मला नंतर वाचताना सापडली. नळीतून गुडघ्यात बघायचं तंत्र टोकियोत मासाकी वातानाबे यांनी विकसित केलं आणि १९६२ मध्ये त्यांनी नळीतूनच कूर्चेचा फाटलेला भाग काढूनही दाखवला. कॅनडाचे डॉ. रॉबर्ट जॅक्सन १९६४ मध्ये टोकियोला गेले, त्यांच्याकडून ते शिकले आणि परत टोरोंटोला घेऊन आले. टोरोंटो! ऑरच्या स्वतःच्या प्रांताची राजधानी. पॅरी साउंडहून मोटारीने दोन-अडीच तास. ऑरने ब्रुइन्सकडून पहिला सामना खेळला तेव्हा नळी तिथे पोचलेली होती. पण तेव्हा तिचा उपयोग मुख्यतः आत डोकावण्यापुरता, आणि बहुतेक सर्जन मंडळी तिला खेळणंच समजत होती. ती सर्रास वापरात येईपर्यंत सत्तरचं दशक सरत आलं होतं, आणि ऑरही.

म्हणजे आपलं जर-तर तसं फार हवेतलं नाही. दैवी चमत्कार नको, फक्त वैद्यक दहा वर्षं आधी जागं व्हायला हवं होतं.

तर मी एकदा हिशेब मांडला. १९७४-७५ हा त्याचा शेवटचा धड सीझन. वय २७, ८० पैकी ८० सामने, ४६ गोल, १३५ पॉइंट. तोपर्यंतचे एकूण ८७०. (त्यानंतर तीन सीझनमध्ये मिळून जेमतेम ३६ सामने आणि ४५ पॉइंट.) समजा तो पस्तिशीपर्यंत खेळला असता, वयानुसार मंदावत, सरासरी ८० पॉइंट करत. आठ सीझनचे ६४०, एकूण १५१०. सर्वाधिक पॉइंट करणारा डिफेन्समन रे बोर्क २२ सीझन खेळून १५७९ वर थांबला. त्यात ऐंशीचं दशक गोलांचं सुगीचं दशक, तेव्हा ऑर बोर्कच्याही पुढे गेला असता असं माझं मत.

फिजिओला हा हिशेब दाखवला तर त्याने तो वाचलाही नाही. म्हणाला, पॉइंट सोड, मॉन्ट्रियलचं बोल. ब्रुइन्स १९७७ आणि १९७८ च्या अंतिम फेरीत मॉन्ट्रियलकडून हरले. १९७९ मध्ये उपांत्य फेरीच्या सातव्या सामन्यात, शेवटची काही मिनिटं उरलेली असताना, बॉस्टन ४-३ ने पुढे होतं आणि बर्फावर नियमापेक्षा एक खेळाडू जास्त उतरला म्हणून पंचांनी दंड दिला, म्हणजे दोन मिनिटं एक गडी कमी. मॉन्ट्रियलच्या लाफ्लरने बरोबरी साधली, जादा वेळेत खेळ खल्लास. तारीख १० मे, त्या उडीला बरोबर नऊ वर्षं झाली होती. "ऑर असता तर?" मी विचारलं. "ऑर असता तर तो दंड होऊनही चकती मॉन्ट्रियलला मिळाली नसती. दोन मिनिटं तो एकटा घेऊन फिरला असता."

मला हे पटत नाही. जर-तरमध्ये एक वीट हलवली की सगळी भिंत हलते. गुडघा धड असता तर नोव्हेंबर १९७५ मध्ये फिल एस्पोझिटोला न्यूयॉर्कला देऊन ब्रॅड पार्क हा दुसरा अव्वल डिफेन्समन आणायची घाई बॉस्टनने केली असती का? त्या वेळचा संघ पार्कच्या खांद्यावर उभा होता. हा अख्खा संघ तसाच ठेवून त्यात वरून ऑर टाकायचा, ही फिजिओची लबाडी आहे. एक गोष्ट मात्र मी मनापासून मागून घेतली असती. ऑक्टोबर १९७९ मध्ये बोर्क ब्रुइन्सकडून खेळायला लागला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि ऑर ३१ चा. त्या वयात डिफेन्समन भरात असतो. दोघं एकाच संघात, एकाच बर्फावर. इतक्या जवळून चुकामूक झाली.

आणि गुडघ्याइतकंच घात करणारा माणूस एक होता, त्याचा एजंट ॲलन ईगलसन. १९७६ मध्ये ब्रुइन्सनी ऑरला क्लबची साडेअठरा टक्के मालकी देऊ केली होती. ईगलसनने ती गोष्ट त्याच्यापर्यंत पोचूच दिली नाही. ऑर शिकागोला गेला. तिथे दोन वर्षांत धड खेळता आलं नाही तर न खेळल्याचा पगार घेणार नाही म्हणाला. निवृत्त झाला तेव्हा कर्जात होता. ईगलसनने पुढे १९९८ मध्ये फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. पाय धड असते तरी कागदावर सही त्याच माणसाच्या भरवशावर झाली असती, हे ऑरप्रेमी मंडळी विसरतात.

पण या सगळ्या चर्चांमध्ये प्रत्येकाचा ऑर २७ वर्षांचाच असतो. १९८३ मधलाही. मला कुतूहल आहे ते पस्तिशीतल्या, वेग गेलेल्या ऑरचं. त्याची एक झलक मिळाली होती. १९७६ च्या कॅनडा कपमध्ये तो जवळजवळ एका पायावर खेळला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. सुसाट धावणं जमत नव्हतं, तेव्हा कुठे उभं राहायचं आणि पास कधी सोडायचा यावर त्याने सात सामने काढले.

फिजिओला मी सचिन समजावला. सिडनी, जानेवारी २००४. कव्हर ड्राइव्ह मारताना सारखा बाद होतो म्हणून तो फटकाच बासनात बांधला आणि नाबाद २४१ केल्या. पुढे टेनिस एल्बो झालं, खांदा झाला, माणूस बदलत बदलत २०१३ पर्यंत खेळला. चोवीस वर्षं आम्ही त्याला मोठा होताना आणि मग जून होताना बघितलं. फिजिओला क्रिकेटचं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं. "आम्हाला ते मिळालं नाही," म्हणाला.

मग मी त्याला उरलेली गोष्टही सांगितली. २००६ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन १ धावेवर बाद झाला आणि आपल्याच मुंबईच्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. देव म्हणणाऱ्यांनीच.

यावर तो खूश झाला. डोळे मिटून म्हणाला, "१९८३. ऑर ३५ वर्षांचा. मॉन्ट्रियलचं कुठलंतरी वीस वर्षांचं कार्टं त्याच्या शेजारून निघून जातंय. आणि वर गॅलरीत माझे वडील उभे राहून ओरडतायत, अरे याला कुणीतरी घरी पाठवा!" हे शेवटचं त्याने अशा आवाजात म्हटलं की पलीकडच्या टेबलावर पाय ताणून पडलेली बाई दचकली. वडिलांच्या तोंडून ऑरविरुद्ध अवाक्षर कधी ऐकलं नव्हतं, म्हणाला. त्या सीझनचं तिकीट आम्ही दोघांनीही काढलं असतं.