चौकटीची वही

दुपारी एक कंटाळवाणं काम समोर होतं, म्हणून मी टर्मिनल, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी, बदलायला घेतलं. संध्याकाळपर्यंत चार टर्मिनल बसवून झाली. काम होतं तिथेच.

अ‍ॅलाक्रिटीला वेगाचं वेड. टॅबसुद्धा देत नाही, तत्त्व म्हणून. असा हेकटपणा मला आवडतो, पण दुसऱ्याच्या घरी. शिवाय २०२३च्या शेवटी त्याच्या सेटिंगची फाईल यॅमल नावाची मांडणी सोडून टॉमल नावाच्या मांडणीत गेली, त्यामुळे माझी जपून ठेवलेली जुनी फाईल भाकड. किटी मग जवळची वाटली, कारण ज्यांच्या कॅलिबर या ई-पुस्तकांच्या प्रोग्रॅममध्ये माझी पुस्तकं लावलेली असतात त्याच कोविद गोयल यांनी ती लिहिली आहे. पण तिच्यातून दूरच्या एखाद्या जुन्या सर्व्हरवर गेलं की ती आपलं नाव सांगते आणि तो 'एक्सटर्म-किटी? कोण बुवा?' असा चेहरा करतो. बाकीची बरीच टर्मिनल इथे धडधडीत खोटं बोलतात, आपण एक्सटर्मच आहोत म्हणून सांगतात. एक्सटर्म हे १९८४चं टर्मिनल. त्या म्हाताऱ्याच्या नावावर अजून सगळ्यांना आत प्रवेश मिळतो. वेझटर्ममध्ये रंग बदलायचा तर लुआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचं. आणि २०२४च्या डिसेंबरात १.० आवृत्ती आलेलं घोस्टी काही न विचारता नीट चाललं, याचाच मला राग आला. दुपार घालवायची कशात?

ही चारही ग्राफिक्सच्या चिपकडून अक्षरं काढून घेतात. 'टीटीवाय' हे टर्मिनलचं जुनं नाव, त्यातला टेलिटाइप म्हणजे तारेवरून चालणारा टाइपरायटर, तो खरा कागदावर खडखडायचा. त्याचं 'मॉडेल ३३' सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. आता खेळांतले डोंगर आणि स्फोट रंगवायची ताकद लावून, पापणी लवायच्या आत मला कळतं, की मी दिलेली आज्ञा चुकीची आहे.

माझी खरी परीक्षा मात्र वेगळी. नवीन टर्मिनल उघडलं की मी 'स्त्री' लिहून पाहतो. युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीच्या, हिशोबात हे सहा तुकडे, आपल्या लेखी एक अक्षर. मग 'किती'. तिथली पहिली वेलांटी साठवायची क नंतर आणि दाखवायची क च्या आधी. बहुतेकांची इथे दांडी उडते. वेलांटी क च्या मागे लोंबते, पाय मोडलेला स आणि त शेजारी-शेजारी उभे राहतात. टर्मिनल अक्षरं चौकटींत बसवतं. त्यातच किती चौकटी लागल्या यावर टर्मिनल आणि आतला प्रोग्रॅम यांचं एकमत नसलं, की कर्सर भलत्याच जागी लुकलुकत बसतो.

चौकटी! १९२८च्या, माहिती साठवायच्या छिद्रांच्या कार्डावर ऐंशी रकाने होते, १९७८च्या व्हीटी १०० या टर्मिनलच्या पडद्यावर ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी. आजही कितीतरी टर्मिनल त्याच मापाची खिडकी उघडतात.

पहिलीत गणिताला चौकटीची वही होती. एका चौकटीत एकच अंक, हा बाईंचा कायदा. तास रिकामा होता म्हणून मी तिच्यात माझं नाव लिहायला बसलो आणि जोडाक्षरापाशी अडलो. अर्धं अक्षर एका चौकटीत आणि अर्धं दुसऱ्या? की दोन्ही एकीतच कोंबायची? आणि वरचा रफार कुणाच्या चौकटीतला? वरच्या ओळीत तर आधीच सात अधिक पाच बसलेले. शेवटी मी चौकटी मोडून आडवं-तिडवं लिहिलं. बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली. नाव बरोबर होतं, हे मी पुढे कितीतरी दिवस मनात म्हणत होतो.

एमएलटर्म नावाचं एक जुनं टर्मिनल आपली अक्षरं पुष्कळ सांभाळतं. ते मी ठेवत नाही. का, विचारू नका. दिसायला बरं नाही.

तर काल चौघांतही माझ्या घरच्या फोल्डरची यादी काढून पाहिली. मराठी नावांचे हाल व्हायचे ते झालेच. एकच नाव चारही ठिकाणी धड दिसलं. त्याला वेगळा काना नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. दोन स्वर, दोन चौकटी: 'आई'.

आत पंधरा फायली आहेत, सगळ्या तिच्या आवाजाच्या. नावं तारखांची, म्हणजे नुसते अंक. एका चौकटीत एक.

त्या अजून ऐकलेल्या नाहीत.