तुम्ही विचारलंत म्हणून : प्रबोधनकाळातल्या म्हाताऱ्या

युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या चित्रांवर कुठेही बोलले की हा प्रश्न येतोच: त्यांतले म्हातारे पुरुष भारदस्त, मग म्हाताऱ्या बायकाच एवढ्या भेसूर का?

माझं उत्तर असं, की पुरुषाचं म्हातारपण बहुतेकदा त्या माणसाचं असायचं. बाईचं म्हातारपण उपदेशाला जुंपलं जायचं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या, इटालियन चित्रकार गिर्लांदायोच्या चित्रात (सुमारे १४९०) आजोबांचं नाक गाठींनी पार बिघडलंय, पण आपली नजर खिळते ती मान वर करून त्यांच्याकडे बघणाऱ्या नातवावर. आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीतली क्वेंटिन मात्सिसने रंगवलेली म्हातारी (सुमारे १५१३)? सुरकुतलेली छाती वर काढणारा तंग पोशाख, कधीच मागे पडलेल्या फॅशनचं शिंगांसारखं शिरोभूषण, हातात गुलाबाची कळी. ही कळी जोडीच्या चित्रातल्या म्हाताऱ्यासाठी आहे. या वयात नटायची हौस, एवढाच तिचा गुन्हा, आणि लोकांनी हसावं म्हणून तिला रंगवलंय.

मला त्या हसण्याचा राग येतो. इटलीतल्या मांतुआची सरदारीण इझाबेला देस्ते साठीची असताना चित्रकार तिशियनने तिला जुन्या चित्रावरून विशीतली रंगवलं. रूपाचा गर्व म्हणून तिला नावं ठेवतात. पण म्हाताऱ्या बाईची अशी टिंगल होणाऱ्या काळात कुणी तरुण चेहरा मागितला, तर तिचं काय चुकलं?

तरी सगळं असंच होतं असं नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०७ मध्ये एका तरुणाच्या व्यक्तिचित्राच्या पाठीमागे बाईच्या रूपात 'हाव' रंगवली: विचकून हसणारी म्हातारी, एक स्तन उघडा, हातात मोहरांची थैली. त्याच ड्यूररने मार्च १५१४ मध्ये कोळशाने आपल्या आईला, बार्बराला रेखाटलं. अठरा बाळंतपणं झालेली बाई. गळ्याच्या ताणलेल्या शिरा, वर आलेली गालांची हाडं, एक डोळा किंचित तिरळा. त्याने काही लपवलं नाही, काही सौम्य केलं नाही, आणि तरी त्या चेहऱ्यावर कसलाच धडा लादलेला नाही. ही आल्ब्रेख्त ड्यूररची आई, वय ६३, असं त्याने वर लिहिलं. मे महिन्यात ती गेली, तेही त्याच कागदावर नोंदवलं.

एकच चित्र सुचवा म्हणाल तर मी बर्लिनमधलं हे रेखाटन सुचवते. जमलं तर त्याआधी व्हिएन्नातली 'हाव' मात्र नीट बघा.