थंड इंजिन आणि अडून बसणारा गिअर

सकाळी मोटारसायकल सुरू करून क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला की 'खट्ट' असा मोठा आवाज व्हायचा आणि गाडी हलकासा धक्का देऊन पुढे सरकू पाहायची. दुसरा गिअर पायाने जोर लावून ढकलावा लागायचा, न्यूट्रल तर सापडायचाच नाही. वीस मिनिटे चालवल्यावर मात्र त्याच गाडीचे गिअर लोण्यासारखे पडायचे. इंजिन पुरते तापलेले नाही एवढाच याचा अर्थ मी लावला आणि रोज आठ-दहा मिनिटे गाडी स्टँडवर नुसती सुरू ठेवू लागलो. माझे निदान अर्धे बरोबर होते, उपाय जवळजवळ पूर्ण चुकीचा होता.

बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिघांना एकच ऑइल पुरते. क्लचच्या घर्षण-प्लेट आणि पोलादी प्लेट एकाआड एक रचलेल्या असतात आणि त्या ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. क्लच दाबल्यावर त्या एकमेकींपासून सुटतात खऱ्या, पण त्यांच्यातली फट अगदी बारीक असते. गाडी रात्रभर उभी राहिली की प्लेटांमधले बरेचसे ऑइल दाबून बाहेर निघून गेलेले असते आणि उरलेला थंड, दाट थर त्यांना चिकटवून ठेवतो. त्यामुळे लिव्हर पूर्ण दाबूनही इंजिनची थोडी ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतच राहते. गाडी उभी, मागचे चाक स्थिर, पण गिअरबॉक्समधला एक दांडा मात्र फिरतो आहे, अशा अवस्थेत आपण पहिला गिअर टाकतो. 'खट्ट' होते ते इथे.

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये मोटारीसारखी वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची व्यवस्था सहसा नसते. सगळी दातेरी चाके कायम एकमेकांत गुंतलेली असतात आणि त्यांच्या बाजूला असलेले जाड खुंट शेजारच्या चाकाच्या खाचेत शिरले की तो गिअर लागतो. पायातल्या लिव्हरने एक दंडगोल फिरतो, त्यावरच्या चरांमधून फोर्क, म्हणजे दुबेळक्यासारखे तुकडे, सरकतात आणि ते चाकांना बाजूला ढकलतात. दोन्ही चाकांच्या वेगात फरक असेल तर खुंट खाचेत आदळतात. दोन्ही चाके थांबलेली असतील आणि खुंटासमोर नेमका खुंट आला असेल, तर गिअर पडतच नाही. अशा वेळी जोर लावू नये; क्लच क्षणभर सोडून पुन्हा दाबावा किंवा इंजिन बंद असल्यास गाडी थोडी पुढेमागे हलवावी. लाथेने गिअर टाकणाऱ्यांचे फोर्क वाकतात, आणि ते दुरुस्त करायचे म्हणजे इंजिन उघडणे आले.

आता गाडी तापवण्याविषयी. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाडीत चोक ओढून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. इंजेक्शनच्या गाडीत हे काम संगणक स्वतः करतो. हे जादा पेट्रोल सगळे जळत नाही. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढत खाली उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. शिवाय पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि तापल्यावर तो बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ दुपटीने प्रसरण पावतो, म्हणजे थंडपणी दोघांतली फट जास्त असते आणि पिस्टनचा हलका खडखडाट ऐकू येतो. म्हणून थंड अवस्था जितकी लवकर संपेल तितके बरे. पण जागेवर उभ्या गाडीत इंजिनवर भार नसल्यामुळे ऑइल फार सावकाश तापते, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, मात्र वारा न लागल्याने तापत जाते. म्हणजे मी दहा मिनिटांत ज्याला तापवायचे ते सोडून भलत्याच भागाला तापवत होतो.

त्यापेक्षा अर्धा ते एक मिनिट पुरते. इंजिन चोकशिवाय किंवा थोड्याशा चोकवर स्थिर चालू लागले की निघावे आणि पहिली काही मिनिटे थ्रॉटल हलक्या हाताने द्यावा. सुरू केल्याबरोबर रिकामी रेस वाढवणे ही सवय मला सर्वांत वाईट वाटते, कारण ऑइल वरच्या भागांपर्यंत पोहोचण्याआधीच आपण त्यांना पळवतो. चोक ओढलेला असताना, इंजिन जोरात फिरत असताना, गिअर टाकणेही टाळावे; स्लो, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरते तो वेग, साधारणपणे मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर आला की आदळण्याचा आवाज बराच कमी होतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी गाडी गिअरमध्ये घालून, क्लच दाबून, दोन-तीन वेळा पुढेमागे ढकलली तरी चिकटलेल्या प्लेट सुटतात. ही युक्ती जुनी आहे आणि फुकट आहे.

सकाळचा अडसर गाडी तापल्यावर नाहीसा होत असेल, तर काळजीचे कारण नाही. तापल्यावरही गिअर जड पडत असतील तर मात्र दोष ऑइलच्या थंडपणात शोधू नये. माझ्या गाडीला दुसऱ्या वर्षी तेच झाले. सिग्नलला न्यूट्रल लागेना, आणि एका मेकॅनिकने थेट गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला दिला. घरी येऊन क्लचची केबल पाहिली, तर लिव्हरमध्ये तिचे टोक अडकते तिथे तारेचे काही धागे तुटले होते आणि लिव्हर निम्मी दाबेपर्यंत काही घडतच नव्हते. लिव्हरच्या टोकाशी मोजलेली मोकळी चाल बऱ्याच गाड्यांत १० ते २० मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ती वाढली की प्लेट पूर्ण सुटत नाहीत. ती अजिबात उरली नाही तर क्लच घसरतो. नव्या केबलने आणि दोन नटांनी गिअरबॉक्स वाचला.

ऑइलचाही वाटा असतो. नावातला 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडपणीचा दाटपणा सांगतो, म्हणून १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतले तर सकाळचे गिअर जड पडणारच. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे ऑइल घातले तर क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमए२ असे लिहिलेले आहे ना, एवढे पाहावे. चेन फार ताणलेली असेल तरी गिअर अडखळतात, हे तपासायला मिनिटही लागत नाही.

केबल, ऑइल, स्लो आणि चेन ठीक असूनही गाडी तापल्यावर अडत असेल, तर क्लचच्या बास्केटकडे, म्हणजे प्लेट ज्यात बसतात त्या टोपलीसारख्या भागाकडे, संशय वळवावा. प्लेटांचे कान तिच्या दांड्यांवर वर्षानुवर्षे आपटून तिथे खाचा पडतात, प्लेट त्यांत अडकतात आणि लिव्हर दाबूनही सरकत नाहीत. त्यासाठी मात्र ऑइल काढून इंजिनचे क्लचकडचे झाकण उघडावे लागते. माझ्या गाडीवर ती वेळ अजून आलेली नाही.