पुढून मोटार, मागून हौदा : आमची वाटचाल

आमच्या गाळ्यावर नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मिस्त्री, आमची जुनी गाडी कापून मागं हौदा बसवून द्या की." गाडी रस्त्यावर पळवायची असेल तर आमचं उत्तर 'नाही' असतं. माणूस हिरमुसतो आणि मग दारात उभ्या असलेल्या, पाठ कापून मालाचा उघडा हौदा बसवलेल्या मारुती ८०० कडं बोट दाखवतो. "मग ही काय?" इथं चहा मागवावा लागतो, कारण त्या उत्तरात आमचा सगळा धंदा येतो. तेच एकदा लिहून काढतोय.

सुरुवात आप्पांची, म्हणजे वडिलांची. ते डेंटर, म्हणजे गाड्यांचा चेपलेला पत्रा सरळ करणारे. सांगलीत माधवनगर रस्त्याला पत्र्याची शेड, गॅस वेल्डिंगचा एक सेट आणि हातोड्या, एवढंच भांडवल. तेव्हा रस्त्यावर मोटार म्हणजे अँबेसिडर नाहीतर फियाट. मागून ट्रकनं ठोकलेली टॅक्सी आली की मालकाचा चेहरा पडलेला असायचा, कारण विमा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीची भरपाई नाही. डिकी, मागचं छत, काच हे सगळं नवं घालायचं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. आप्पा म्हणायचे, मागचं गेलंय ना, मग त्याला सोडा, हौदा करू. अशा गाड्या वखारभागातल्या व्यापाऱ्यांनी घेतल्या, मिरजेच्या दूधवाल्यांनी घेतल्या, हळदीच्या अडत्यांनी घेतल्या. त्या वेळी १९३९ चा मोटार वाहन कायदा चालू होता. आरटीओला आधी कळवायचं, मंजुरी घ्यायची, मग बदल करून आरसी बुकात नोंद करून घ्यायची, अशी सरळ वाट त्यात होती. आप्पांच्या गाड्या रीतसर पासिंग होऊन पळायच्या.

ही कल्पना आप्पांची नव्हे. ऑस्ट्रेलियात १९३२ च्या सुमाराला गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं अशी हकीकत सांगतात : रविवारी चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेईल अशी एकच गाडी द्या. कंपनीतल्या ल्यू बँट नावाच्या तरुणानं ती आखली, १९३४ मध्ये ती विकायला आली आणि तिकडं अशा गाडीला आजही 'यूट' म्हणतात. आमच्याकडं चर्चच्या जागी जोतिबा घाला आणि डुकरांच्या जागी वांगी, बाकी मागणी तीच. गंमत म्हणजे आपल्या मोठ्या कंपनीनं नेमकं उलटं केलं. १९८८ ला टाटामोबाईल हा पिकअप आला आणि त्याच्यावरून सिएरा, इस्टेट आणि १९९४ ची सुमो निघाली. पिकअपची मोटार झाली. आप्पांना याचं फार हसू यायचं.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं कापणं म्हणजे काम. कापायला ग्राइंडर आणि एक दुपार पुरते. जीप, बोलेरो, सुमो यांच्या खाली आडव्या-उभ्या चॅनेलची वेगळी चासी असते, तिथं वरचं काढलं तरी वजन पेलणारा सांगाडा खाली शाबूत राहतो. अँबेसिडर, फियाट, मारुती यांना तशी चासी नाही. तळ, दाराखालचे उंबरे, खांब, छत, डिकीचा पत्रा सगळं मिळून सांगाडा. काड्यापेटीचं वरचं टरफल काढून आतला डबा दोन बोटांत पिळून बघा, छत गेलेल्या मोटारीचं तेच होतं. एका कोपऱ्याला जॅक लावला की दार घासायला लागतं, खड्ड्यात गेली की पुढची काच तडकते. छत जे काम करत होतं ते दुसऱ्या कशाकडून तरी करून घेणं हा आमचा धंदा.

मारुती ८०० घेतली तर आम्ही असं करतो. आधी सीट, कार्पेट, मागची काच, वायरिंग आणि पेट्रोलची टाकी उतरवायची. टाकी गाडीत ठेवून वेल्डिंग करणारे महाभाग आहेत, त्यांच्या गाळ्यावर मी चहासुद्धा घेत नाही. मग गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर चढवायची, पण घोडे चाकांजवळ, जिथून गाडीचं वजन खरोखर जमिनीला जातं तिथं. मधेच कुठंतरी लावले तर कापल्यावर शेपूट खाली येतं. दोन्ही दारांच्या चौकटीत चौकोनी पाईप आडवे-तिरपे टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते टाके) मारून घ्यायचे. दाराच्या फटी वर, मधे, खाली मोजून तो आकडा पत्र्यावरच खडूनं लिहायचा. काम संपेपर्यंत तो पुसायचा नाही. टाके मारता मारता फट बदललेली दिसली की वेल्डिंग बंद, आधी कारण शोधायचं.

मधल्या खांबाच्या मागं छत कापलं की सीटच्या पाठीमागं पूर्ण रुंदीची भिंत उभी करायची : चौकोनी पाईपची चौकट, तिच्यात तिरपा पाईप आणि दोन्हीकडून पत्रा. ही भिंत उंबऱ्यापासून छताच्या कडेपर्यंत सलग बसली पाहिजे, नुसती तळावर उभी केलेली भिंत म्हणजे शोभेची. उंबऱ्याच्या आतल्या अंगानं पाईप नेऊन तो मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या बैठकीपर्यंत जोडायचा. मूळ पत्रा एक मिलिमीटरहून पातळ, साध्या आर्क वेल्डिंगनं सरळ भोक पडतं. म्हणून सीओटू वेल्डिंगचे छोटे टाके, एक इथं, पुढचा हातभर लांब, तोवर पहिला थंड होतो आणि पत्रा ओढत नाही. आमचा जुना वेल्डर एवढ्या सावकाश काम करतो की गिऱ्हाईक बघत उभं असलं तर कंटाळून निघून जातं. ते बरंच असतं. शेवटी आतून रेड ऑक्साइड, हौद्याच्या तळाला चेकर्ड प्लेट, मागं बिजागरीचा फाळका.

मग वजनाचा प्रश्न. इथं गिऱ्हाईक आणि आम्ही यांचं कधी जमत नाही. टायरच्या कडेवर मापानंतर एक आकडा असतो, तो कुणी वाचत नाही. बारा इंची टायरवर ६९ लिहिलं असेल तर त्या एका टायरनं ३२५ किलो पेलायचे, त्यापुढं नाही. दोन मागच्या टायरांचे झाले साडेसहाशे. त्यातून गाडीचा मागचा स्वतःचा भार वजा करा, ब्रेकला थोडी जागा ठेवा. चार माणसं आणि त्यांच्या पिशव्या एवढं वजन मारुती मुळात नेत होती, हौद्यातही आम्ही तेवढंच, फार तर तीनशे किलो सांगतो. टनाची भाषा करणाऱ्याला आम्ही बैलगाडी सुचवतो.

शिवाय मारुतीची पुढची चाकं ओढतात. मागं वजन पडलं की पुढचा भार हलका होतो आणि पावसाळ्यात काळ्या रानात, जरा चढ लागला की चाकं जागेवर गरगरतात. अँबेसिडरचं उलट होतं, माल भरला की तिची मागची चाकं जास्त धरायची. म्हणून मारुतीचा हौदा सीटमागच्या भिंतीला चिकटून सुरू करायचा आणि मागच्या आसाच्या पलीकडं जितका कमी नेता येईल तितका कमी. फायदा असा की मागच्या चाकांना फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट खाली नाही, त्यामुळं हौद्याचा तळ गुडघ्याच्या जरा वर एवढाच येतो. रानातल्या बायकांना क्रेट खांद्यापर्यंत उचलावं लागत नाही. या एका गोष्टीसाठी तासगाव-पलूसकडच्या बागाईतदारांनी आमच्याकडं फेऱ्या मारल्या आहेत. द्राक्षाचा घड धक्का सोसत नाही, मणी सुटतात. कडक पाट्यांच्या गाडीत जे होतं ते मोटारीच्या मऊ स्प्रिंगवर होत नाही. आणि गाडीची उंची साडेचार फुटांच्या जरा वर, द्राक्षाच्या मांडवाखालून बिनधास्त फिरते.

रस्त्यावरचा हा धंदा मात्र २००५ ला संपला असं मी धरतो. त्या मे महिन्यात टाटा एस आली, आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल, कंपनीची वॉरंटी आणि बँकेचं कर्ज. मोटारीची पाठ कापून बसवलेला आमचा हौदा तिच्यासमोर काय टिकणार? त्याच पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि हरिपूरच्या पेवांतली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतली हळद भिजली. आमची दोन जुनी गिऱ्हाइकं त्यात बसली ती पुन्हा उभी राहिली नाहीत. आप्पांनी त्या दिवाळीत शेड विकून कुपवाडला एमआयडीसीजवळ हा गाळा घेतला आणि गाड्या कापण्याऐवजी छोट्या हत्तीवर जाळ्या, ताडपत्रीच्या कमानी, कोंबड्यांचे पिंजरे बसवायला सुरुवात केली. त्यांना ते काम कमीपणाचं वाटायचं. घर मात्र त्याच्यावरच चाललं, आजही निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथलंच आहे.

कायदाही आवळत गेला. १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ दुरुस्त्या होत होत इतकं कडक झालं की कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या रचनेपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सीएनजी किटसारख्या मोजक्या गोष्टींना परवानगीची वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. मोटार कापून मालवाहू करणं या वाटेत बसत नाही. लोक म्हणतात, कोण बघतंय? अपघात झाला की विमा कंपनी बघते, एवढं मी सांगतो.

मग दारातली मारुती? ती त्याच वर्षीच्या पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. गावभागात, बायपासला गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पाणी उतरल्यावर विमा कंपन्यांनी त्या 'टोटल लॉस' करून सोडल्या आणि भंगारवाल्यांच्या आवारात रांगा लागल्या. वायरिंग कुजलेलं, उंबऱ्यांत गाळ, पण इंजिन उघडून धुतलं तर बऱ्याच चालण्याजोग्या. तेव्हाच कारखान्याच्या यार्डातल्या एका ओळखीच्या साहेबांनी विचारलं की आत फिरवायला, वेल्डिंगचे सिलिंडर आणि पाईप न्यायला काही करून द्याल का. कायद्यात मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेलं खास वाहन वगळलेलं आहे. ती आमची वाट. कुंपणाच्या आत.

त्यासाठी नियम मात्र आम्हीच कडक केले. आरसी रद्द झाल्याचा कागद दाखवल्याशिवाय ग्राइंडरला हात लावत नाही. नंबरप्लेट काढून घेतो. हौद्याच्या फाळक्यावर 'आवारातील वापरासाठी' असं मोठ्या अक्षरांत रंगवतो, ते पुसू नका म्हणून बिलावर लिहितो. तरी एकानं पुसून गाडी आठवडी बाजाराला नेलीच, त्याचं पुढचं काम घेतलं नाही. नर्सरी, पोल्ट्री, वीटभट्टी, कुंपण घातलेल्या बागा, साखर कारखान्याचं यार्ड, अशी गिऱ्हाइकं. कारखान्याचं काम चांगलं, पैसे वाईट. एका ठिकाणचं बिल गाळप हंगाम उलटून दुसरा सुरू झाला तरी मिळालं नव्हतं. आता निम्मे पैसे आधी घेतो, मग साहेब कितीही ओळखीचा असो.

जुन्या गाड्या मिळणंही आता अवघड होत चाललंय. लोक नोंदणीकृत भंगार केंद्रावर गाडी देऊन दाखला घेतात, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. ते योग्यच आहे. आमच्या हाती मग मारुती ८०० ऐवजी ओम्नी जास्त लागते. तिचे मागचे पाटे मुळातच माल वाहायला बरे, पण चालक पुढच्या चाकांच्या वर बसतो, म्हणून रानात ती आम्ही देत नाही, सपाट आवारातच.

सध्या गाळ्यात आहे ती कवठेमहांकाळकडच्या एका बेदाणा शेडची ८००. शेडमध्ये धूर नको म्हणून त्यांना बॅटरीवर पाहिजे. पुतण्यानं इंजिन उतरवून ई-रिक्षाची मोटर बसवली, सपाटीला तीनशे किलो घेऊन मजेत चालते. अडलंय ते ब्रेकपाशी : ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम इंजिनकडून यायचा, इंजिनच नाही तर पाय कितीही दाबा, ब्रेक दगड. पुतण्याचं म्हणणं, शेडमध्ये वेग तो किती असणार, बूस्टरशिवाय चालेल. माझं म्हणणं, भरलेल्या क्रेटांसमोर बायका वाकून बेदाणा निवडत असतात. वेगळा व्हॅक्युम पंप पुण्याहून मागवलाय. तो बसेपर्यंत गाडी बाहेर पडणार नाही, शेडवाल्यांना तसं फोन करून सांगितलंय. ते कुरकुरले, पण उरलेले पैसे गाडी नेतानाच द्यायचे आहेत, त्यामुळं थांबतील.