सी प्रोग्रॅम, तीन देशांच्या वेळा आणि टीझेडने घातलेला घोळ : माझा अनुभव

सी भाषेत यूटीसीचे, म्हणजे जगाच्या सामायिक वेळेचे, 1 जानेवारी 1970 पासून मोजलेले सेकंद घेऊन त्यांची तारीख-वेळ करून देणारं जीएमटाइम हे फंक्शन भाषेच्या पहिल्या प्रमाणापासून (स्टँडर्डपासून), म्हणजे 1989 पासून आहे. उलट दिशेचं, यूटीसीमधली तारीख-वेळ घेऊन सेकंद देणारं टाइमजीएम प्रमाणात आलं ते थेट सी23 या आवृत्तीत, आणि ते प्रमाण प्रसिद्ध झालं 2024 साली. मधली पस्तीस वर्षं ज्याने त्याने आपापली सोय पाहिली. त्यातली सर्वांत जास्त नक्कल झालेली सोय माझ्या वाट्याला आली. तिने माझं जे डोकं खाल्लं त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

काम असं होतं. चाकणचा एक कारखाना, अमेरिकेत मिशिगनमधला एक आणि जर्मनीतला एक. तिन्हीकडची यंत्रं आपापली मोजमापं फाइलमध्ये लिहितात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिथल्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ असते, टाइम झोनचा उल्लेख कुठेच नसतो. आमचा सी प्रोग्रॅम या फाइली वाचतो, वेळ यूटीसीत बदलतो आणि डेटाबेसमध्ये टाकतो. मुख्य सर्व्हर लिनक्सवर, कारखान्यांतली यंत्रं विंडोजवर, आणि सोर्स कोड एकच. फाइल वाचणं, नेटवर्क, डेटाबेस या सगळ्यात काही अडलं नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही.

अडलं ते एमकेटाइमपाशी. हे फंक्शन स्थानिक तारीख-वेळ घेतं आणि सेकंद देतं, पण त्याला ठाऊक असलेला झोन एकच, तो म्हणजे चालू प्रोसेसचा (चालत असलेल्या प्रोग्रॅमचा). 'ही वेळ मिशिगनमधल्या डेट्रॉइटची आहे' असं त्याला सांगायला जागाच नाही. म्हणून आधीच्या लोकांनी जुनी युक्ती वापरली होती. टीझेड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या, झोन सांगणाऱ्या सेटिंगची) जुनी किंमत जपून ठेवायची, तिथे 'अमेरिका/डेट्रॉइट' लिहायचं, टीझेडसेट बोलवून तो झोन लागू करायचा, एमकेटाइम चालवायचं आणि टीझेड पुन्हा होतं तसं करायचं. कित्येक वर्षांपासून हा नुस्खा इकडून तिकडे चिकटवला जातो आहे. एकाच थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी एकच काम चालणाऱ्या, छोट्या प्रोग्रॅममध्ये तो चालतोही.

आमच्या प्रोग्रॅममध्ये थ्रेड अनेक होते. पहिलं लक्षण लॉगमध्ये दिसलं. पुण्याच्या सर्व्हरच्या लॉगमधली एखादीच ओळ अचानक साडेनऊ तास मागे जायची आणि पुढची ओळ पुन्हा बरोबर यायची. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा. कारण सरळ आहे: एक थ्रेड टीझेड बदलून डेट्रॉइटचं गणित करत असतानाच दुसरा थ्रेड लॉगसाठी वेळ विचारतो आणि त्याला डेट्रॉइटची वेळ मिळते. लॉगसाठी लोकलटाइम_आर वापरलं होतं, ते थ्रेडसाठी सुरक्षित आहे, मग असं का, हा प्रश्न मला टीममधल्या प्रत्येकाने विचारला. लोकलटाइम_आर उत्तर लिहायला वेगळी जागा घेतं, इतकंच. झोनची माहिती साऱ्या प्रोसेसची मिळून एकच असते. तिच्यावर कोणी हात फिरवला की सगळ्यांचं घड्याळ हलतं.

मग म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, लावावा असं ठरलं. वेळेशी संबंधित आमचं प्रत्येक फंक्शन एकाच कुलपामागे नेलं आणि लॉग सुधारले. पण त्यानंतरही प्रोग्रॅम अधूनमधून कोसळायचा. रोज नाही, ठरावीक वेळी नाही, आणि टेस्टच्या मशीनवर तर कधीच नाही. कोअर डंप (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) उघडला की स्टॅकच्या, म्हणजे कोणी कोणाला बोलवलं त्या यादीच्या, टोकाला एन्व्हायर्नमेंट वाचणारं गेटएन्व्ह आणि त्याच्याखाली गेटअ‍ॅड्रइन्फो दिसायचं. नाव देऊन पत्ता शोधणारं नेटवर्कचं फंक्शन आणि वेळेचा बग यांचा संबंध काय, हे शोधण्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि सर्वांत जास्त चीड मला याच टप्प्याची आहे. गेटअ‍ॅड्रइन्फो आपल्या सेटिंग्जसाठी आतून एन्व्हायर्नमेंट वाचतं. त्याच क्षणी आमचा थ्रेड टीझेड बदलण्यासाठी सेटएन्व्ह बोलवून ती यादी मेमरीत दुसरीकडे हलवत असला, तर वाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन जाते. आमचं कुलूप आमच्या कोडला लागू. लायब्ररीच्या आतल्या गेटएन्व्हला त्याचा पत्ताच नसतो. म्हणजे अनेक थ्रेड चालू असताना सेटएन्व्ह बोलवणंच धोक्याचं, मग तुमच्या बाजूने कितीही कुलपं लावा.

हे होईपर्यंत विंडोजकडून वेगळीच तक्रार आली. तिथे सेटएन्व्ह नाही, पुटएन्व्ह_एस आहे, ते बदलणं सोपं. पण विंडोजची सी लायब्ररी टीझेडमध्ये 'अमेरिका/डेट्रॉइट' किंवा 'युरोप/बर्लिन' अशी नावं ओळखतच नाही. तिला हवी तीन अक्षरं आणि पुढे तासांचा आकडा. खंड-शहर असं नाव दिलं तर ती पहिली तीन अक्षरं झोनचं नाव म्हणून घेते, पुढे आकडा सापडत नाही, आणि फरक शून्य धरते. एरर नाही, इशारा नाही. तिच्या पद्धतीने लिहून दिलं, तरी उन्हाळी वेळेचे (उन्हाळ्यापुरती घड्याळं पुढे करण्याचे) नियम ती अमेरिकेचेच लावते. 2019 मध्ये मिशिगनची घड्याळं 10 मार्चला पुढे सरकली आणि जर्मनीची 31 मार्चला. मधले तीन आठवडे जर्मनीच्या प्रत्येक नोंदीत एका तासाची चूक, आणि शरद ऋतूत 27 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर पुन्हा तेच.

चाकणच्या डेटावर यातलं काहीच दिसत नव्हतं. भारतात उन्हाळी वेळ नाही, वर्षभर साडेपाच तास. पुण्यात बसून चाकणच्या फाइलींवर टेस्ट चालवल्या की सगळं हिरवं. आपल्याकडच्या टीमनी हे फार गांभीर्याने घ्यायला हवं असं मला वाटतं, कारण झोनचा कोड तपासायला आपला झोन सर्वांत निरुपयोगी आहे.

लिनक्सही निर्दोष नाही. अल्पाइन या आटोपशीर लिनक्सच्या छोट्या कंटेनरमध्ये झोनच्या फाइली मुळात नसतात, टीझेडडेटा पॅकेज वेगळं घालावं लागतं. ते नसेल तर 'एशिया/कोलकाता' दिलेलं असूनही गुपचूप यूटीसी मिळतो. आणि टीझेडमध्ये नुसतं 'आयएसटी' (भारतीय प्रमाणवेळेचं लघुरूप) लिहू नका. तारखेपुढे आयएसटी ही अक्षरं छापून येतात, वेळ मात्र यूटीसीची असते. नाव बरोबर दिसत असल्याने कोणाला शंका येत नाही, म्हणून हा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो. आकडा लिहायचाच तर चिन्ह उलटं असतं: ग्रीनिचच्या पूर्वेच्या भारतासाठी 'आयएसटी', मग वजा, मग 5:30.

सुटका झाली ती दोन कामं वेगळी केल्यावर. पहिलं काम शुद्ध अंकगणिताचं: वर्ष-महिना-दिवस घेऊन 1 जानेवारी 1970 पासूनचे दिवस काढायचे. याला ना टीझेड लागतं ना ऑपरेटिंग सिस्टिम. वर्ष मार्चपासून धरायचं म्हणजे लीप वर्षाचा जादा दिवस अगदी शेवटी जातो. 400 वर्षांच्या चक्रात 146097 दिवस असतात, आणि शून्य वर्षाच्या 1 मार्चपासून 1970 च्या 1 जानेवारीपर्यंत 719468 दिवस. एवढ्यावर दहा-बारा ओळींचं फंक्शन होतं आणि ते सगळीकडे तंतोतंत एकच उत्तर देतं. ग्लिबसीत (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) आणि बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमांत टाइमजीएम आहे, विंडोजवर तेच काम अंडरस्कोर एमकेजीएमटाइम करतं, पण प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा कोड निवडणाऱ्या #इफडेफच्या शिड्या रचण्यापेक्षा हे छोटं फंक्शन मला जास्त भरवशाचं वाटलं.

दुसरं काम, अमुक झोनमध्ये अमुक क्षणी यूटीसीपासून फरक किती, हे नोंदींचं आहे. त्या नोंदी ऐंशीच्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेल्या टीझेड डेटाबेसमध्ये आहेत. 2011 पासून तो आयाना या इंटरनेटचे क्रमांक आणि नावं सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे आणि पॉल एगर्ट त्याचं समन्वयन करतात. त्याच्यासोबतच्या सी कोडमध्ये, टीझेडकोडमध्ये, मला हवं ते तयारच होतं: टीझेडअ‍ॅलॉकने झोन उघडा, तो एमकेटाइम_झेड किंवा लोकलटाइम_आरझेडला हातात द्या, काम झालं की टीझेडफ्री. ही फंक्शनं नेटबीएसडीच्या वळणाची आहेत. झोन पॅरामीटर म्हणून जातो, त्यामुळे प्रोसेसच्या टीझेडला बोटही लागत नाही. टीझेडकोड आमच्या सोर्समध्येच घेतला, झोनच्या फाइलीही सोबत ठेवल्या. विंडोजवर कंपाइल व्हायला थोडी ठोकाठोक करावी लागली. विंडोजची स्वतःची झोन फंक्शनं वापरा असं सुचवलं गेलं होतं, ते मी ठामपणे नाकारलं. तिथली झोनची नावंही वेगळी आणि नियमांचा साठाही वेगळा. एकाच फाइलला दोन मशीनवर दोन उत्तरं येण्याचा धोका मला नको होता.

परवानगीच्या फॉर्मने मात्र इथेही छळलं. बाहेरचा कोड घ्यायचा तर लायसन्स निवडायचं, आणि यादीत 'सार्वजनिक मालकीचा' असा पर्यायच नाही. टीझेडकोडचा बहुतेक भाग तसाच आहे, एसटीआरएफटाइमसारख्या एक-दोन फाइली तेवढ्या बीएसडी लायसन्सच्या. 'लायसन्स नाही म्हणजे परवानगी नाही' हे उत्तर मेलवर येत राहिलं. शेवटी कोडसोबतची लायसन्सची फाइल अर्जाला जोडली आणि त्यातलं पहिलंच वाक्य वर उद्धृत केलं, तेव्हा सही मिळाली. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा.

टीएम_आयएसडीएसटीबद्दल, म्हणजे तारीख-वेळेसोबत जाणाऱ्या, उन्हाळी वेळ चालू आहे का हे सांगणाऱ्या झेंड्याबद्दल, आधीच सांगायला हवं होतं. एमकेटाइम किंवा एमकेटाइम_झेडला देण्याआधी ते वजा 1 करा. शून्य ठेवलं तर उन्हाळ्यातल्या वेळा एका तासाने सरकतात. 1 म्हणजे उन्हाळा असंही धरू नका. टीझेड डेटाबेसमधल्या, आयर्लंडच्या डब्लिनच्या मूळ नोंदीत उन्हाळ्याची वेळ प्रमाण धरली आहे आणि तो झेंडा हिवाळ्यात लागतो.

घड्याळ मागे जातं त्या रात्री एक ते दोनमधली प्रत्येक वेळ मिशिगनमध्ये दोनदा येते. वजा 1 दिल्यावर त्यातली कोणती निवडायची, हे सी प्रमाण सांगत नाही. आमच्या फाइलींमध्ये नोंदी क्रमाने असतात, म्हणून वेळ मागे गेलेली दिसली की तिथून पुढे दुसरा तास धरायचा असा नियम मी लिहिला. जिथे ठरवता येत नाही ती नोंद खूण करून बाजूला ठेवली. नव्या फाइलींमध्ये वेळेपुढे यूटीसीपासूनचा फरक लिहिलाच पाहिजे ही मागणीही लावून धरली, आणि ती मान्य करून घेतली याचा मला अभिमान आहे.

टेस्टसाठी झोन निवडताना कंजुषी करू नका. काठमांडू, कारण पावणेसहा तास. ऑस्ट्रेलियातलं लॉर्ड हाऊ, कारण तिथे उन्हाळी वेळ अर्ध्याच तासाने सरकते. सामोआतलं अपिया, कारण 30 डिसेंबर 2011 हा दिवस तिथे उगवलाच नाही. आणि आपलं कोलकाता, पण तारीख 1943 मधली घ्या. युद्धकाळात 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत भारताची घड्याळं यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. म्हणून जन्मतारखा कधीही सेकंदांत साठवू नका. 1943 मधल्या कुणाची तारीख डेटाबेसच्या नियमाने मध्यरात्र धरून साठवली आणि सरसकट साडेपाच तासांनी वाचली, तर ती आदल्या दिवशीची रात्री अकराची वेळ होते आणि आजोबांचा जन्मदिवसच बदलतो.

भविष्यातल्या वेळा, मीटिंग असो की कामाची पाळी (शिफ्ट), स्थानिक वेळ आणि झोनचं नाव अशा जोडीनेच ठेवा. लेबनॉनने मार्च 2023 मध्ये उन्हाळी वेळ ऐन वेळी पुढे ढकलली आणि काही दिवसांत निर्णय फिरवला. त्याच आठवड्यात टीझेडडेटाच्याही (डेटाबेसमधल्या झोनच्या नोंदींच्याही) दोन आवृत्त्या निघाल्या. आधीच यूटीसी करून ठेवलेल्यांना सगळं उलगडून पुन्हा करावं लागतं. झोनच्या फाइली सोबत ठेवल्यात तर त्या अद्ययावत करण्याचं काम रिलीजच्या यादीत कुणाच्या तरी नावावर टाका.

आणखी एक. एमकेटाइमने वजा 1 परत दिलं की चूक झाली असं बहुतेक कोड धरतो, पण 1970 सुरू होण्याआधीच्या शेवटच्या सेकंदाचं खरं उत्तरही वजा 1 च आहे. बोलवण्याआधी टीएम_डब्ल्यूडे या वाराच्या रकान्यात वजा 1 भरा. काम नीट झालं तर तिथे 0 ते 6 मधला वार येतो, फसलं तर वजा 1 तसाच राहतो.