लेबल नसलेली बाटली

गणपती तीन आठवड्यांवर आले होते आणि दारातल्या लाल जास्वंदीची एकही कळी धड उमलत नव्हती. शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर, पानं चिकट, कळ्या गळून खाली पडलेल्या. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, घरी कपाशी. त्यामुळे हा पिठ्या ढेकूण आहे हे ओळखायला वेळ लागला नाही. पुण्यातल्या बंगल्याच्या अंगणातलं एक झाड, त्याला कितीसं औषध लागणार, असं वाटलं आणि कृषी सेवा केंद्रात गेले.

घरच्यासाठी थोडंसंच हवंय म्हटल्यावर दुकानदाराने मोठ्या कॅनमधून एका छोट्या बाटलीत ओतून दिलं. "लिटरला एक टोपण." नाव विचारायचं मला सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली तशी अकराच्या सुमारास फवारायला घेतलं. तोंडाला ओढणी, हात उघडे. झाड माझ्या डोक्याहून उंच, म्हणजे फवारा वर मारायचा. वारा सुटला होता. कपाळावर, दंडांवर तुषार पडले ते ओढणीनेच पुसले आणि त्याच ओल्या कुर्त्यात चहाला आधण ठेवलं. तासाभरात डोकं जड झालं, मळमळायला लागलं, डोळ्यांतून पाणी थांबेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी कपडे बदलायला लावले, साबणाने अंग धुवून घ्यायला सांगितलं. ही कीटकनाशकं श्वासातून जातात तशीच कातडीतूनही शरीरात शिरतात. मग विचारलं, "कुठलं औषध होतं? बाटली आणलीत का?" नवऱ्याने बाटली पुढे केली. तिच्यावर काहीच नव्हतं. काही कीटकनाशकांना ॲट्रोपीनसारखा उतारा असतो, काहींना नेमका उतारा नसतोच, फक्त लक्षणांवर उपचार करतात. नाव कळलं तर वेळ वाचतो. त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, घाम तपासत मला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. मी वाचले ते प्रमाण थोडं होतं म्हणून.

रात्री धाकट्या भावाला फोन केला. तो गप्पच झाला. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत शिरून, तोंडाला रुमाल बांधून फवारत होते ती माणसं. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, "ताई, वारा कुठून होता ते तरी पाहायचं."

मला त्या रात्री आपल्या शब्दाचाच राग आला. औषध. पिकाला औषध मारलं म्हणतो, आणि कुणी जीव दिला तरी औषध घेतलं म्हणतो. दोन्हीकडे असतं ते विषच.

त्यानंतर भावाने फोनवरून मला पहिलीच्या मुलीसारखं शिकवलं. सीलबंद, लेबल असलेलीच बाटली घ्यायची. लेबलवरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सोबतच्या घडीपत्रकात कुठल्या पिकावर, किती प्रमाणात, विषबाधा झाली तर काय करायचं, उतारा कुठला, सगळं मराठीतही छापलेलं असतं. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा नंबर त्याने मला फ्रिजवर चिकटवायला लावला.

जास्वंदीला मग वेगळ्याच क्रमाने हात घातला. जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधले. उरलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा, चार दिवस रोज. मुंग्यांची रांग मोडली, कारण गोड चिकट पाण्यासाठी त्याच या किडीला जपतात. त्यानंतर लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस वाट पाहिली, पान करपत नाही ना म्हणून. फवारणी संध्याकाळी, वारा पडल्यावर, मधमाश्या परतल्यावर. जास्वंदीवर शिंजीर पक्षी येतात, म्हणून उमललेली फुलं आधी काढली. तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या मागे नेल्या, माशांच्या टाक्यावर प्लॅस्टिक अंथरलं. नुसतं निंबोळी तेल असूनही हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. आठवड्याने पुन्हा एकदा तसंच केलं.

एक चूक थोडक्यात टळली. फांदीवर मोठे, झिपरे, पांढरे किडे फिरताना दिसले आणि मी चिरडायला निघाले. ते पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंग्याची पिल्लं निघाली. दिसायला हुबेहूब भक्ष्यासारखीच, पण झरझर चालणारी. पहिल्या दिवशीच्या त्या फवाऱ्यात अशी किती मेली असतील, याचं मला फार वाईट वाटतं. ती फांदी मी पुढे फवारलीच नाही.

त्याच दिवसांत लॉनवर पिवळे चट्टे पडले. माळीदादा म्हणाले, हुमणी आहे, म्हणजे मुळं खाणारी अळी, फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकू. फोरेट लाल त्रिकोणातलं, आणि 2020 च्या अखेरीपासून आपल्याकडे त्यावर पूर्ण बंदी आहे. आमचा कुत्रा त्याच गवतावर लोळतो. मी नको म्हटलं आणि चट्ट्याच्या कडेला फूटभर चौकोन खणून पाहिला. हुमणी असेल तर मुळं कुरतडलेली असतात, गवत चटईसारखं उचललं जातं आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या सापडतात. इथे मुळं शाबूत होती, एकही अळी नव्हती, गांडुळं मात्र होती. चट्टे कुत्र्याच्या लघवीचे आणि खुर्च्यांखाली दबलेल्या मातीचे. त्या जागी भरपूर पाणी दिलं, काट्याने माती भुसभुशीत केली. महिन्याभरात गवत भरून आलं, एक थेंबही न मारता.

आता द्रावण लागेल तेवढंच करते. पंप तीनदा धुते आणि ते पाणी त्याच झाडाला देते, गटारात नाही.

ती पहिली बाटली अजून आहे. ओतून टाकली तर जमिनीत जाईल, कचऱ्यात दिली तर सफाई कामगाराच्या हातात फुटेल. घरातला घातक कचरा वेगळा घेतात तिथे ती द्यायची आहे, तोवर दोन पिशव्यांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात कुलूपबंद ठेवली आहे. तिच्यावर कागद चिकटवून मी लाल शाईने लिहिलंय: विष.