आमची वाटचाल: 'बघ आणि शीक' पासून पुढे

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग कातण्याचं, छोटं वर्कशॉप आहे. सुरुवातीला आयटीआयचा नवा मुलगा आला की त्याला सेटरशेजारी (मशीन लावून देणाऱ्या कारागिराशेजारी) उभं करायचं आणि 'बघ आणि शीक' म्हणायचं, एवढंच आमचं ट्रेनिंग. त्यातून मुलगा कुठलं बटण दाबायचं ते शिकतो, का दाबायचं ते नाही. मशीन सुरळीत चालतंय तोवर हे कळतही नाही.

चांगला सेटर आपोआप चांगला शिकवणारा होत नाही. त्याच्या हाताला जे बसलंय, ते त्याला सांगता येत नाही. म्हणून आम्ही आधी कामं कागदावर आणली: काय करायचं, कशाला जपायचं, का जपायचं.

मायक्रोमीटरचं माप घ्या. जॉब (कातलेला भाग) पुसा, बर (कडेला राहिलेली धातूची कोर) काढा, शेवटी रॅचेट (ठरावीक जोरानंतर घसरणारी टोकाची मूठ) फिरवूनच माप घ्या. थिंबल (फिरवायची नळी) थेट आवळली तर ज्याच्या त्याच्या हाताचा जोर वेगळा, मापही वेगळं. चकमधून (मशीनच्या पकडीतून) काढलेला गरम जॉब लगेच मोजायचा नाही. ५० मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब २० अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण ०.०११ मिमी फुगलेला असतो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ०.०२ असेल तर निम्मी तिथेच गेली. मुलगा ऑफसेट (टूल कुठवर जायचं त्याची मशीनमधली दुरुस्ती) कमी करतो आणि गार झाल्यावर जॉब अंडरसाइज निघतो.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांसाठी शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, मागाहून लक्ष ठेवणं. आम्ही तीच धरली. तिसऱ्या पायरीवर मुलानं काम करता करता बोलायचं. "दादा, ५०.०२ आलंय, ५०.०० हवंय. टूल ३, एक्स, वजा ०.०२, प्लस इनपुट." टूल नंबर, अक्ष, चिन्ह आणि बटण, चारही तोंडाने आल्याशिवाय हात कीबोर्डवर जात नाही. फानुक कंट्रोलवर 'प्लस इनपुट' नवा आकडा जुन्यात मिळवतं; त्याऐवजी नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसला जातो. वेअरमध्ये (टूलच्या झिजेसाठीच्या ऑफसेटमध्ये) आधीचे वजा ०.१५ असतील, तर पुढचा जॉब ५०.१५ येतो. गप्प राहून केलेली ही चूक कोणालाच दिसत नाही, बोलून करताना सेटर तिथल्या तिथे थांबवतो.

यासाठी सेटरला वेळ द्यावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. डोक्यावर नगांचं टार्गेट असलेला माणूस शिकवत नाही, स्वतःच करून मोकळा होतो. आम्ही शिकवणाऱ्या सेटरचा शिफ्टचा पहिला तास टार्गेटमधून वगळला. जॉब बिघडला की त्यानं आधी विचारायचं, "तुला काय वाटतं, कशामुळे?" उत्तर चुकलं तरी चालेल, पण इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) काढून त्याची धार मुलानं स्वतः बघायची.

भिंतीवर कौशल्यांचा तक्ता आहे. प्रत्येक कामासमोर एक गोल, त्याचे चार भाग: पाहिलंय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. पगारवाढ या गोलांशी थेट जोडू नये. जोडली की गोल भराभर भरतात आणि तक्ता फक्त ग्राहकाच्या ऑडिटपुरता उरतो.

सध्या बोअरिंगचा (आतलं भोक मापात कातण्याचा) कागद लिहिणं चालू आहे. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) ठरावीक मापाच्या रिंगवर झिरो करण्यापाशी अडलंय. दोन सेटर दोन तऱ्हांनी करतात, आणि कुठली धरायची हे ठरल्याशिवाय ते मुलांना शिकवायचं नाही, असं ठरवलंय.